तीन नंबरचा व्हॉल्व

आमच्या घरी कार्बनला लोणचं म्हणत. शब्द बाबूजींचा. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारा जो व्हॉल्व असतो, त्याच्या पाठीवर तेल जळून जळून काळा, कडक थर बसतो. तो काढायचं काम आमच्या गॅरेजात यायचं. ज्याच्या हातून त्यातला कणभर जरी मागे राहिला, त्याच्या ताटात संध्याकाळी, भाताच्या बाजूला, जिथे लोणचं वाढतात नेमक्या तिथेच, बाबूजी तो कण कागदाच्या पुडीतून काढून ठेवायचे. "घे, तुह्यं लोनचं," म्हणायचे आणि स्वतः जेवायला लागायचे. तो कण खायचा नसे, पण ताटाबाहेर टाकायचाही नसे. तेवढी जागा राखत भात कालवायचा, आणि लाखोरीची डाळ पातळ झाली असली की तिच्यात काळं पाणी उतरत यायचं. माझ्या मोठ्या भावाच्या, मिलिंदच्या ताटात आठवड्यातून चारदा लोणचं असे. माझ्या ताटात कधीच नाही. आणि खोटं कशाला बोलू, मी त्याच्या ताटाकडे बघत बघत दोन घास जास्तच जेवायचे.

बाबूजींनी आम्हाला कधी मारलं नाही. लोकांना त्याचं फार कौतुक. मिस्त्री असून पोरांवर हात टाकत नाही म्हणे. अहो, हात टाकायची गरजच काय होती! त्यांची जीभ बास होती. भाऊ अक्षरं फार सुंदर काढायचा. ट्रकच्या पाठीवर, जीपच्या दारावर तो नावं रंगवी तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघत. बाबूजी गिऱ्हाइकाच्या देखत म्हणत, "पाहा जी, माह्या पोरानं मेहंदी काढली. आता याले नवरा पाह्यतो." गिऱ्हाईक हसायचं. भाऊ पण हसायचा, ब्रश रॉकेलात धुवायचा आणि पान्हे पुसायला बसायचा. त्याचा तो समजूतदार चेहरा बघून मला त्याचा संतापच यायचा. बोल ना रे एकदा, असं वाटायचं. तो बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा उपयोग आम्ही सगळ्यांनीच करून घेतला.

घर गॅरेजच्या पाठीला होतं, बैहर रोडवर, मधे एकच भिंत. कॉम्प्रेसर सुरू झाला की चुलीवरच्या गंजावरचं झाकण थरथरायचं आणि माय त्यावर पाटा ठेवायची. सकाळी छोट्या लाईनच्या गाडीची शिटी, मग राइस मिलांचा भोंगा, मग बैहरकडे निघालेल्या जीपांची घरघर. घड्याळ लागतच नव्हतं. घरातल्या पाण्याला, गोधडीला, भाकरीला सगळ्याला रॉकेलचा वास. माझी मावशी आली की आमच्याकडे चहासुद्धा घेत नसे. माय म्हणायची, "आमचा चहा पेटते का काय, पिऊन तं पाह्य!"

बालाघाटातले बाकीचे मिस्त्री कार्बन काढायचा तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, खोलत. दोन दिवस, तीन दिवस. बाबूजी हेड न खोलता अर्ध्या दिवसात काम करून देत, आणि ही त्यांची विद्या त्यांच्या डोक्यातून निघालेली होती. आमच्याकडे धानच धान. मिलांच्या मागे धानाच्या टरफलांचे, म्हणजे भुशाचे, ढीगच्या ढीग. फुकट, घेऊन जाल तेवढा. हा भुसा कॉम्प्रेसरच्या हवेनं व्हॉल्वच्या पाठीवर मारायचा. धानाच्या टरफलात रेतीसारखी धार असते. कार्बन सोलून निघतो, खालच्या लोखंडाला ओरखडा जात नाही. माय तो भुसा दोनदा चाळायची, माळवदावर उन्हात घालायची. एका चटईवर मुगाच्या वड्या, दुसऱ्या चटईवर इंजिनाचा भुसा. चिमण्या वड्या सोडून भुशावरच बसत, आणि मायच्या शिव्या दोन्ही चटयांना पुरत.

पण हाच भुसा जर व्हॉल्वच्या पलीकडे, खाली सिलिंडरात गेला, तर पिस्टनबरोबर घासून घासून तीच धार सिलिंडरच्या भिंतीचा सत्यानाश करते. म्हणून मारायच्या आधी व्हॉल्व घट्ट बंद आहे की नाही, हे बघणं हाच सगळ्या विद्येचा जीव. बाबूजींची रीत अशी होती. प्लग काढायचा, त्या भोकातून तारेवरचा बारका बल्ब सिलिंडरात सोडायचा. एकानं पुढून हॅन्डलनं इंजिन हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं हवा जाते त्या तोंडाला डोळा लावायचा. आत उजेड दिसला तर व्हॉल्व उघडा. पुरा अंधार झाला की बंद. हॅन्डलवाला विचारणार, "अंधार?" डोळेवाला म्हणणार, "हौ." तो "हौ" आल्याशिवाय भुशाची नळी हातात घ्यायची नाही. डोळा कायम माझा असे, कारण माझं डोकं बारीक आणि नजर तेज. या कामात मी बारा वर्षांची असल्यापासून होते, आणि माझा "हौ" कधी चुकला नव्हता. बाबूजी म्हणत, "पोट्टीचा हौ म्हंजे कोर्टाचा हुकूम." तेवढं एकच कौतुक त्यांनी आयुष्यात कुणाचं केलं असेल.

हल्ली नागपूरहून शिकून आलेली पोरं आमच्या गॅरेजात मशीन घेऊन येतात. अक्रोडाच्या सालीची भुकटी हवेनं मारायची, म्हणे परदेशी तंत्र! मी खुर्चीत बसून ऐकते. नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात सुटतं, व्हॉल्वची पाठ धुवायला येतच नाही, म्हणून थर पूर्वीपेक्षा जास्त बसतो. खरं आहे ते. पण उपाय तोच आणि पथ्यही बाबूजींचंच. तेल वेळेवर बदला, हवेची जाळी साफ ठेवा, गाडी उभी करून घंटा घंटा इंजिन चालू ठेवू नका, व्हॉल्वच्या दांडीवरून तेल उतरत असेल तर तिथलं रबर बदला. बाबूजी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दम देऊन सांगत आणि कोणी ऐकत नसे. ऐकलं असतं तर आम्हीच उपाशी मेलो असतो. माझा एकच नियम आहे, व्हॉल्व बंद आहे की नाही ते दोघांनी बघायचं, एकानं नाही. पोरं विचारतात, मावशी, दोघं कशाला? मी सांगत नाही.

मला अठरावं लागलं त्या वर्षी माझ्यासाठी खैरलांजीचं स्थळ आलं. धानाची शेती, चार जावा, मुलगा बरा होता, वाईट काही नव्हतं. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं माझा हात हातात घेऊन नखं निरखली. नखांत काळं. "हे काय बाई?" भाऊ पटकन म्हणाला, "रांगोळी काढते जी ते, काळ्या रंगाची लय आवड आहे तिले." सगळे हसले, मला मात्र हसू आलं नाही. रात्रीपर्यंत मी मायला, बाबूजींना, सगळ्यांना सांगून पाहिलं की मला लग्न नको, मला गॅरेजात ठेवा. बाबूजी म्हणाले, "गॅरेज पोराचं असते. तू काय मिशा लावून बसशीन का?" मग मी भावाला धरलं. म्हटलं, तुला तर हे काम नकोच आहे, तू सांग त्यांना. तो म्हणाला, "सांगतो. बरोबर वेळ पाहून सांगतो." तो वेळ पाहत राहिला आणि खैरलांजीची मंडळी तारीख काढायला लागली.

आणि मग तो दिवस. मिलवाल्या सेठची पांढरी मोटार आली होती. चढावर दम खायची, थांबली की इंजिन थरथरायचं. उद्या सकाळी सेठला ती हवी होती. बाबूजींना सामान आणायला गोंदियाला जायचं होतं. निघताना त्यांनी पान्ह्यांची लाकडी पेटी, जिला आम्हाला पाय लावायची सोय नव्हती, बाकावर ठेवली आणि भावाला म्हणाले, "आज तुह्या हातानं कर. नीट करशीन तं पेटी तुही. नाही तं मेहंदी काढत फिर." मग माझ्याकडे न बघता मायला म्हणाले, "वापस येताना खैरलांजीले उतरतो. तारीख पक्की करून येतो."

मी भांडी घासत होते. माझ्या हातातला तांब्या खाली पडला नाही, डोळ्यांतून पाणी आलं नाही, काही झालं नाही. मी भांडी घासून संपवली, हात पुसले आणि गॅरेजात गेले. एका दमात त्याला पेटी आणि मला खैरलांजी! आणि तो गाढव माझ्याकडे बघून म्हणतो कसा, "शीले, पेटी भेटली ना का मी बाबूजीले तुह्या लग्नाचं पक्कं बोलतो. मंग ते ऐकतीन माहं." पेटी मिळाल्यावर! मी म्हटलं, "हौ भाऊ, बोल."

एक नंबर झाला, दोन नंबर झाला. भाऊ त्या दिवशी फार मन लावून काम करत होता. कपाळावर घाम, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, अक्षरं काढताना असायची तशीच. तीन नंबरचा व्हॉल्व आला. बल्ब आत सोडला. तो पुढे जाऊन हॅन्डल फिरवायला लागला, मी तोंडाला डोळा लावला. काळ्या थराच्या कडेला उजेड होता, तो बारीक होत होत नखाएवढा उरला. अजून थोडं फिरवलं असतं की गेलाच असता. तेवढ्यात भाऊनं हॅन्डल थांबवलं.

"अंधार?"

मी विचार केला नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण केला. चांगला दोन श्वास केला. भुसा आत जाईल, इंजिन बिघडेल, पेटी जाईल, गॅरेजला दुसरं कोणी लागेल, ते कोणी म्हणजे मी. हे सगळं मला सरळ, ओळीनं दिसलं.

"हौ," मी म्हटलं. "अंधार."

त्यानं बल्ब काढला, नळी लावली आणि हवा सोडली. मी बाजूला उभी राहून भुशाचा तो सर्र आवाज ऐकत होते. चौथ्या नंबरासाठी परत हॅन्डल फिरवताना तो म्हणाला, "जड लागून राह्यलं शीले." तेव्हाही बोलता आलं असतं. हेड खोललं असतं, पुसलं असतं, बाबूजी यायच्या आत सगळं निस्तरलं असतं. मी म्हटलं, "थंडं इंजिन हाये म्हून." त्यानं मान हलवली. त्याचा माझ्या शब्दावर बाबूजींच्या शब्दापेक्षा जास्त भरवसा होता.

काम झाल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू बाबूजींनीच करायचं, हा नियम. सकाळी सेठ आला. "मिस्त्री, गाड़ी तैयार है ना? नागपूर जाना है." बाबूजी आत बसले, चावी फिरवली. गाडी खोकली. मागून सायलेन्सरमधून पिवळी-काळी धूळ भक्कन बाहेर पडली आणि मग आतून खर्र खर्र आवाज यायला लागला, पाट्यावर खडे वाटल्यासारखा. बाबूजींनी चावी बंद केली. तसेच बसून राहिले. मग उतरले आणि सेठसमोरच हेड खोलायला घेतलं. कोणाला हात लावू दिला नाही. सेठचा ड्रायव्हर होता, दोन जीपवाले होते, चहावाला होता, माय मधल्या दारात. तीन नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, आणि पिस्टनवर तेलात भिजलेला, अर्धा जळलेला भुसा.

"अंधार कोनी पाह्यला होता?" बाबूजींनी विचारलं.

मी एवढा सगळा विचार केला होता आणि हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं! बघणारी कायम मीच असते हे मोहल्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. माझ्या आधी भाऊ बोलला.

"मीच पाह्यला. हॅन्डलबी मीच फिरवलं. शीला चुलीपाशी होती."

बाबूजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बोटांनी तो काळा भुसा पिस्टनवरून निपटून काढला, भावाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "खा."

कोणाला वाटलं नाही की ते खरंच म्हणत आहेत. सेठ म्हणाला, "अरे मिस्त्री, जाने दो, बच्चा है." बाबूजी म्हणाले, "खा. माह्या नावाची माती केली, आता तोंडात घे." माय दारातून म्हणाली, "अवो, काय करून राह्यले तुम्ही!" आणि पुढे आली नाही. आम्ही कोणीच पुढे आलो नाही. भाऊनं हात तोंडाशी नेला आणि तो भुसा खाल्ला. तेलासकट. दातांखाली तो करकरला तो आवाज मला ऐकू आला. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. घशाखाली जाईना तेव्हा चहावाल्यानं पाण्याचा पेला पुढे केला, आणि बाबूजींनी तो पेला हातातून काढून घेतला. खाऊन झाल्यावर भाऊनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. सगळं ठीक आहे, तू गप राह्य, असं लहान पोराला खुणावतात तसं.

मी गप राहिले. त्यात मला काही कष्ट पडले नाहीत.

गॅरेज सांभाळायला आता मीच उरले होते, म्हणून खैरलांजीला निरोप गेला की पोरगी द्यायची नाही. दसऱ्याला बाबूजींनी पेटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "पोरगं भुसा निघालं. तूच धर." तेव्हापासून भावाचं नाव भुसा पडलं. आधी बाबूजी म्हणत, मग जीपवाले, मग सगळा मोहल्ला. गॅरेजात त्याला पान्ह्याला हात लावायची मनाई होती, झाडायचं आणि चहा आणायचा. ए भुसा, दोन कट! मी म्हटलं नाही असं नाही. गिऱ्हाइकांसमोर, हातात पान्हा घेऊन, मी सुद्धा म्हटलं, "भुसा, चहा आण." त्यांच्यात बसायचं तर त्यांच्यासारखं बोलावं लागतं, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं सांगायचं तर म्हणायला मजा यायची. ज्याचं वाईट केलं त्याचा माणसाला राग यायला लागतो. मला तो चहा घेऊन येताना दिसला तरी डोकं उठायचं. अक्षरं रंगवणं त्यानं सोडून दिलं. वर्षभरानं तो निघून गेला आणि एका राइस मिलात पोती उचलायला लागला. भुशाच्या धुळीनं त्याची छाती गेली. पुढे लग्न झालं, रामपायलीला घर केलं, पोरं झाली. मी गॅरेज वाढवलं. लोक लांबून बघायला येत, बाई इंजिन खोलते म्हणून. सत्कार झाले, शाली मिळाल्या. बाबूजी गेले तेव्हा खांदा द्यायला भाऊ आला होता, आणि मसणवटीतही कोणीतरी मागून म्हणालंच, भुसा आला बे.

मी हे त्याला सांगितलं ते मागच्या थंडीत. का सांगितलं? डॉक्टरनं माझ्या हृदयात दोष सांगितला आणि मला वाटलं, एवढं ओझं घेऊन कशाला जायचं. म्हणजे ओझं माझंच, सोयही माझीच. रामपायलीला त्याच्या अंगणात उन्हात बसलो होतो. तो खाटेवर, पाठीला उशा लावून, कारण आडवं पडलं की त्याला श्वास घेता येत नाही. मी सगळं सांगितलं. रडले पण. मग त्यानं विचारलं,

"उजेड दिसून राह्यला होता तुले?"

"हौ."

"किती?"

"नखाएवढा."

"मंग दिसला."

"हौ भाऊ. दिसला."

त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, त्यानं अंग बाजूला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. दम परत आल्यावर तो हळू आवाजात बोलला, आवाज चढवायची ताकदच राहिली नव्हती.

"मले वाटे, लहान पोरगी हाये, चुकली. घाबरली असन. आपन खाऊन घेतलं तं हे वाचते. लोक भुसा भुसा करत ना, तवा मी मनात म्हनो, म्हना लेकहो, माही बहीन तं खैरलांजीले नाही गेली. पूर्ण जिंदगीत एवढं एकच काम माह्या हातून नीट झालं, असं मी समजून होतो शीले. तेबी तू नेलं."

त्यानं घराकडे तोंड करून वहिनीला हाक मारली. एरवी दरवेळी धापा टाकत का होईना, मला बसपर्यंत सोडायला तो स्वतः यायचा.

"अवो," तो म्हणाला, "शीलेले बस थांब्यावर पोहचवून दे. मी नाही येत."